जमिनीच्या पोटातली अमानत

ज्याने आकाशातून मोजून-मापून पाऊस उतरविला आणि जमिनीच्या पोटात त्याला आसरा दिला, त्या विश्वपालनकर्त्याची स्तुती असो; आणि ज्यांनी तहानलेल्या मुक्या प्राण्यालाही पाणी पाजणे पुण्यकर्म ठरविले, त्या अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम असो.



हिवाळा हा आपल्या भागात समाधानाचा ऋतू मानला जातो. खरिपाचे धान्य घरात आलेले असते, शेतात ज्वारी, हरभरा आणि कांदा उभा असतो, हवा सुखद असते. म्हणूनच या ऋतूतला दुष्काळ डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या घागरींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. परंतु ज्या वर्षी परतीचा पाऊस पाठ फिरवितो, त्या वर्षी दिवाळीनंतरच विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागतात आणि पौषात पंप हवा ओढू लागतो, याची बातमी होत नाही. मे महिन्यात जी टंचाई जाहीर होते, तिचा निकाल बहुधा डिसेंबर आणि जानेवारीतच लागलेला असतो.

२०२३ चे वर्ष आठवावे. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हिवाळा सुरू होण्यापूर्वीच, ऑक्टोबरच्या अखेरीस, राज्य शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती आणि पुरंदर हे तालुके होते. शिरूर तालुका आपल्या खेड तालुक्याला लागूनच आहे. दुष्काळ तालुक्याची वेस पाहून थांबत नाही. पिंपरी-चिंचवडसारख्या संपन्न महानगरातही नोव्हेंबर २०१९ पासून नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागले. ज्या पट्ट्यात दर काही मिनिटांना एक नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडते, त्याच पट्ट्यात घरातील गृहिणी पाण्याचा दिवस मोजत बसते. या विसंगतीकडे ईमानधारकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा आजचा विषय आहे.

मोजून दिलेली ठेव

दिव्य कुरआनने पावसाचा उल्लेख अनेक ठिकाणी केला आहे. पण सूरह मोमिनूनच्या १८ व्या आयतीतील उल्लेख विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तेथे अल्लाहने तीन गोष्टी एकामागून एक सांगितल्या आहेत. पहिली, पाणी एका ठरलेल्या मापाने उतरविले जाते. दुसरी, ते जमिनीत ठेवले जाते, तिथे त्याला मुक्काम दिला जातो. आणि तिसरी, ते परत नेण्याचे सामर्थ्यही त्याच्याकडेच आहे. सूरह जुमरच्या २१ व्या आयतीत हेच पाणी जमिनीतील झऱ्यांच्या वाटांनी पुढे चालविले जाते, असे सांगितले आहे. थोडक्यात, भूजल म्हणजे मापाने दिलेली, सुरक्षित ठेवलेली आणि परत घेता येणारी वस्तू. जी वस्तू मोजून दिली जाते, राखण्यासाठी सोपविली जाते आणि केव्हाही परत मागितली जाऊ शकते, तिला आपल्या भाषेत ठेव म्हणतात आणि धर्माच्या भाषेत अमानत म्हणतात.

ही ठेव आपल्या मातीत कशी ठेवलेली आहे, हेही समजून घ्यावे. कारण अल्लाहच्या कृतीवर चिंतन करणे ही उपासनाच आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग, आणि त्यात संपूर्ण खेड, मावळ व हवेली, काळ्या पाषाणाचा आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. गंगेच्या खोऱ्यातील वाळूप्रमाणे तो पाणी सहज पोटात घेत नाही. वरचा मुरूम, खडकाच्या भेगा, फुटीर व सच्छिद्र थर एवढ्याच ठिकाणी पाणी मुरते आणि साठते. पाऊस जून ते ऑक्टोबर या काळातच पडतो, म्हणून ठेव भरण्याची मुदत अवघी चार महिन्यांची आणि ती काढून वापरण्याची मुदत आठ महिन्यांची. आपले पूर्वज याच उथळ थरात विहीर आणि आड खोदत. मोटेने जेवढे पाणी निघे, तेवढे रात्रीतून झऱ्यांनी पुन्हा भरे. उपसा आणि पाझर यांचा मेळ असे. सूरह रहमानच्या आरंभी ज्या तराजूचा उल्लेख आहे आणि ज्यात ढळ करू नये असे बजावले आहे, तो तराजू केवळ वाण्याच्या दुकानात टांगलेला नाही. तो विहिरीच्या काठावरही आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींची यंत्रे गावोगाव पोहोचली. ती तहान भागविण्यासाठी आली आणि त्यांनी असंख्य जीव वाचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण पुढे त्याच यंत्राने खोल थरांतले पाणीही ओढले जाऊ लागले. खडकाच्या ज्या भेगांत ते पाणी साठण्यास वर्षानुवर्षे लागली, ती एका हंगामात रिकामी होऊ लागली. दुसरीकडे, जिथे पाऊस मुरत होता त्या माळरानावर गोदामे, काँक्रीटचे रस्ते आणि वाहनतळ झाले. ठेव भरण्याचे दार बंद आणि काढण्याचे दार सताड उघडे, असा हा व्यवहार आहे. कोणताही शहाणा माणूस आपले बचत खाते असे चालविणार नाही.

हिवाळ्याची परीक्षा

सूरह मुल्कची शेवटची आयत आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे. झोपण्यापूर्वी ही सूरह पठण करण्याची प्रथा घरोघर आहे. त्या आयतीत एकच प्रश्न आहे: तुमचे पाणी जर जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? आपण हा प्रश्न दररोज रात्री वाचतो. आणि सकाळी उठून शंभर फूट अधिक खोल जाण्यासाठी यंत्रवाल्याला बोलावितो! पाणी खोल गेले तर मी त्याच्याहून खोल जाईन, हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. तो अहंकार आहे. सूरह कहफमधील दोन बागांच्या मालकाला हाच अहंकार झाला होता. आपली बाग कधी नष्ट होईल असे त्याला वाटतच नव्हते. त्याच्या गरीब सोबत्याने त्याला जी शक्यता सांगितली, ती काय होती? तुझ्या बागेचे पाणी जमिनीत इतके खोल जाईल की तुला ते शोधूनही सापडणार नाही. शेवटी तो माणूस आपल्या खर्चाचा विचार करीत हात चोळीत राहिला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आषाढात ढग आले नाहीत तर ती आपल्या हातातील बाब नसते. तिथे धीर धरावा, पश्चात्ताप करावा आणि दुआ मागावी. परंतु आपल्या प्रदेशात हिवाळ्यात पावसाची अपेक्षाच नसते. जे द्यायचे होते ते देऊन झालेले असते. कमी असो वा अधिक, त्या वर्षीचे माप जमिनीत जमा झालेले असते. म्हणून हिवाळ्यात परीक्षा होते ती आपण त्या मापाचे काय करतो याची. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठराविक वेळा मोजते. पावसाळा संपतानाची आणि जानेवारीतील नोंद त्यांत असते. या दोन नोंदींत जो फरक पडतो, त्यात निसर्गाचा वाटा असतोच, पण माणसाच्या हाताचाही असतो. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई असे सांगितले आहे, ते येथे आठवते.

कोणी म्हणेल, अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्याने एवढा हिशेब कशाला करावा? त्याने हजरत यूसुफ (अ.) यांचा वृत्तांत वाचावा. सात वर्षांच्या सुकाळानंतर सात वर्षांचा दुष्काळ येणार, हे कळल्यावर त्यांनी केवळ प्रार्थनेचा सल्ला दिला नाही. सुकाळातच धान्य कणसात राखून ठेवा, खाण्यापुरतेच काढा, अशी योजना त्यांनी सांगितली आणि ती अमलात आणण्याची जबाबदारी स्वतः मागून घेतली. एका प्रेषिताचा भरवसा आणि त्याचा हिशेब एकमेकांच्या आड आले नाहीत. मग आपले कसे येतील?

पाणी कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझ्या जमिनीतली विहीर माझी. मग तिच्यातले पाणीही सर्वस्वी माझेच काय?

१८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा अधिकार मानला. दीडशे वर्षे आपल्या मनावर हीच कल्पना ठसली आहे. परंतु शरीअतचा विचार निराळ्या ठिकाणापासून सुरू होतो. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांतील हदीसनुसार पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. बुखारीतील हदीसमध्ये, ज्यांच्याकडे कयामतच्या दिवशी अल्लाह कृपादृष्टीने पाहणार नाही अशा लोकांत तो मनुष्यही आहे, ज्याच्याजवळ वाटेवर गरजेपेक्षा अधिक पाणी होते आणि त्याने ते वाटसरूला नाकारले.

या आधारावर फुकहांनी पाण्याचे दर्जे ठरविले. नदी-नाल्याचे पाणी सर्वांचे. भांड्यात, टाकीत भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे. ते तो विकू शकतो. विहिरीचे पाणी या दोहोंच्या मधले. खोदणाऱ्याचा त्यावर पहिला हक्क. पण त्याची गरज भागल्यावर माणसाची आणि जनावराची तहान हा स्वतंत्र हक्क आहे आणि तो नाकारता येत नाही. शेताला पाणी देण्याचा हक्क वेगळा आणि तहानेचा हक्क वेगळा, हा भेद आपल्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी स्पष्ट केला. तहान आधी, पीक नंतर, व्यापार सर्वांत शेवटी.

या कसोटीवर आजचा टँकरचा धंदा ठेवून पाहा. टँकर आणणे, डिझेल जाळणे, माणूस राबविणे याचे मोल घेणे रास्त आहे. परंतु गावाच्या एकाच झऱ्यावर दहा घरे आणि एक मोठा पंप असेल, पंपवाला रात्रभर उपसा करून पाणी बांधकामाला विकत असेल आणि त्यामुळे दहा घरांचे आड कोरडे पडत असतील, तर ते विक्रीचे पाणी त्याच्या श्रमाचे राहत नाही. त्यात दहा घरांची तहान मिसळलेली असते. अशी कमाई हलाल म्हणण्यापूर्वी त्याने थरथरले पाहिजे.

शेजारच्या विहिरीविषयीही शरीअतने विचार केला आहे. इब्ने माजाच्या नोंदीप्रमाणे विहीर खोदणाऱ्याला तिच्याभोवती ४० हातांचे क्षेत्र राखीव दिले गेले. त्या पलीकडे कोणी खोदले आणि तरीही जुनी विहीर आटली तर काय, याबाबत फुकहांत मतभेद आहेत. काहींनी आपल्या जमिनीत खोदण्याचा हक्क प्रधान मानला. मालिकी विद्वानांनी शेजाऱ्याचे पाणी तोडणारे खोदकाम रोखण्याच्या बाजूने कौल दिला. हे मतभेद कुदळ-फावड्याच्या आणि पोहऱ्याच्या काळातले आहेत, हे ध्यानात घ्यावे. शेकडो फूट खाली जाणारी विंधन विहीर आणि दिवसरात्र चालणारा विजेचा पंप त्यांच्यासमोर नव्हता. आपल्यासमोर तो आहे, म्हणून ना स्वतःहून कोणाला इजा पोहोचवावी, ना इजेच्या बदल्यात इजा करावी, हा प्रेषितांनी (स.) घालून दिलेला नियम येथे अधिक वजनदार ठरतो.

राज्याचा कायदाही आता याच दिशेने वळला आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद केली. हे नियम मोडून, अधिकाऱ्याच्या नजरेआड रात्री यंत्र लावणारा मनुष्य केवळ सरकारचा गुन्हेगार असतो असे नव्हे. त्याने गावाच्या अमानतीत हात घातलेला असतो, आणि अल्लाहला रात्र आणि दिवस सारखेच आहेत.

वरच्याचा हक्क, खालच्याचा हक्क

पाण्याचा तंटा एका गावापुरता राहत नाही. आपल्या पट्ट्याने हे फार महाग किमतीत पाहिले आहे. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून रावेतपर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. ते थेट धरणातून बंद नळाने आणण्याची योजना आली. शहराची बाजू अशी की पाणी वाटेत वाया जाणार नाही, दूषित होणार नाही. मावळच्या शेतकऱ्यांची भीती अशी की मग आपल्या शेतीच्या पाण्याचे काय होणार? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक महिला होती. योजना त्यानंतर दीर्घकाळ ठप्प राहिली. भामा आसखेड धरण आपल्याच खेड तालुक्यात. त्याचे पाणी पुणे शहराकडे गेले आणि धरणग्रस्तांना आपल्या हक्कांसाठी वारंवार रस्त्यावर यावे लागले.

या तंट्यांत शहरवासीयांची तहान खोटी नाही आणि शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. नदीपात्रातून वाहणारे पाणी वाटेत मुरते, तेव्हा अभियंत्याच्या वहीत ती गळती असते. काठावरच्या विहिरीच्या दृष्टीने तोच पाझर असतो. एकाची गळती ही दुसऱ्याची ठेव आहे, हे ज्या दिवशी दोन्ही बाजू मान्य करतील, त्या दिवशी बोलणे सुरू होईल. बुखारीत हजरत जुबैर (र.) आणि एका अन्सारी सहाबींमधील पाटाच्या पाण्याचा वाद नोंदलेला आहे. प्रेषितांचा (स.) पहिला सल्ला असा होता की वरच्या बाजूच्या जुबैर (र.) यांनी आपल्या झाडांना पाणी द्यावे आणि नंतर ते शेजाऱ्याकडे सोडावे. वरच्याला प्रथम घेण्याचा हक्क आहे, पण अडवून ठेवण्याचा नाही. आज पाण्याच्या वरच्या अंगाला कोण आहे? नदीच्या उगमाजवळचा शेतकरी नकाशावर वर असेल. पण पैसा, वीज आणि सत्ता यांच्या प्रवाहात शहर आणि कारखाना वर आहेत. म्हणून सोडण्याची जबाबदारीही त्यांच्यावर अधिक आहे.

या जबाबदारीचा दुसरा भाग म्हणजे पाणी नासू न देणे. सूरह वाकिआत, तुम्ही पिता ते पाणी आम्ही इच्छिले तर खारट-कडू करून टाकू शकतो, मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही, या आशयाचा इशारा आहे. आळंदीजवळ इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात, हे दृश्य आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती नदी आपल्या वारकरी बांधवांच्या श्रद्धेचे स्थान आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचे पाणी नासविणे हा शेजारधर्माचाही भंग आहे. अबू दाऊदमधील हदीसप्रमाणे पाण्याच्या ठिकाणी घाण करणे हे शापास पात्र करणारे कृत्य आहे. एका माणसाच्या मलमूत्राबाबत जर एवढा कडक शब्द आला असेल, तर रसायनांचे पाणी रात्री नाल्यात सोडणाऱ्याबद्दल काय म्हणावे? खडकाच्या भेगेत एकदा शिरलेले विष खोऱ्याने काढता येत नाही. आपल्यापैकी जे या कारखान्यांत आणि छोट्या कार्यशाळांत देखरेख करतात, रंगकाम व धातू धुण्याचे काम करतात, त्यांनी वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्यावर आपली सुटका होईल असे समजू नये.

मदयनची विहीर

महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत आज मूळ रहिवाशांच्या बरोबरीने बाहेरून आलेले कामगार राहतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून आले. त्यांपैकी कित्येक जण स्वतःच्या गावची विहीर आटली म्हणूनच येथे आले. पाणी कमी पडले की प्रथम बोट यांच्याकडे जाते: हे परके आले आणि आमचे पाणी संपले.

सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मिसर देशातून एकटे, भुकेले, आश्रयहीन असे मदयनला पोहोचतात. तिथल्या विहिरीवर गुराख्यांची झुंबड आहे आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या आहेत. बलवानांचे झाल्याशिवाय आपली पाळी येणार नाही, हे त्यांना सवयीने ठाऊक आहे. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात, मोबदला मागत नाहीत, सावलीत जाऊन बसतात आणि आपली गरज फक्त आपल्या पालनकर्त्याला सांगतात. पुढे याच परक्या तरुणाला बलवान आणि विश्वासू म्हणून कामावर ठेवले जाते.

या वृत्तांतात आपल्या दोन्ही गटांना शिकवण आहे. परका म्हणून आलेल्याने गावच्या विहिरीवर आपली पहिली ओळख सेवेने करून द्यावी. आणि स्थानिकांनी हे पाहावे की टँकर आल्यावर रांगेत मागे कोण उभे राहते: विधवा, वृद्ध, भाड्याच्या खोलीतली नवी सून, की ज्यांना कोणी आपले म्हणत नाही असे? ज्या वस्तीत त्या दोन मुली आजही बाजूला उभ्या आहेत, ती वस्ती अजून मदयनच आहे.

आपल्या पूर्वजांनी काय केले

हिजरतनंतर मदीनेत गोड्या पाण्याची रूमा नावाची विहीर होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. जो ती विकत घेऊन आपली बादली इतरांच्या बादलीच्या बरोबरीने तिच्यात सोडील, त्याला जन्नतमध्ये त्याहून उत्तम मिळेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत उस्मान (र.) यांनी ती स्वतःच्या संपत्तीतून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. यात बादल्यांची बरोबरी हा शब्द मोलाचा आहे. दात्याची बादली पहिली नव्हती, मोठीही नव्हती. पुढे बंडखोरांनी त्यांच्या घराला वेढा घातला, तेव्हा त्याच विहिरीचे पाणी त्यांना नाकारले गेले, आणि त्यांनी वेढा घालणाऱ्यांना या दानाची आठवण करून दिली, अशी नोंद हदीस-संग्रहांत आहे. ज्याने साऱ्या शहराला पाणी पाजले, त्यालाही पाणी तोडले गेले. पण त्याच्या दानाचे पुण्य कोणी तोडू शकले नाही.

दख्खनच्या भूमीत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या नगरासाठी जमिनीखालून नहर आणली. डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी उताराने शहरात येई. त्यासाठी कोणताही झरा कोरडा करावा लागला नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असे तिचे नियम होते. हा प्रयोग एका उद्योजकाने केला, हे चाकणच्या उद्योजकांनी विसरू नये. सत्य आणि न्याय जेथे दिसेल तेथून उचलणे हे ईमानधारकाचे काम आहे.

मशिदीपासून सुरुवात

दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आपण आपल्या मशिदीचा हौज पाहावा. बुखारी व मुस्लिम यांच्या नोंदीनुसार प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात स्नान करीत. मुद्द म्हणजे साधारण दोन ओंजळी, पाऊण लिटरहून कमी. आपण तोटी उघडी ठेवून गप्पा मारीत वजू करतो, तेव्हा पाच-सहा लिटर सहज वाहून जातात. एखाद्या मशिदीत जुम्याला ५०० नमाजी येत असतील आणि प्रत्येकाने केवळ चार लिटर वाचविले, तर एका जुम्याला २,००० लिटर आणि पाच जुम्यांत १०,००० लिटरचा एक पूर्ण टँकर वाचतो.

कोणी म्हणेल, कारखाने लाखो लिटर वापरतात, आमच्या चार लिटरने काय होणार? उत्तर असे की अल्लाह आपल्याला कारखान्याचा हिशेब विचारण्यापूर्वी आपल्या तोटीचा विचारील. आणि ज्याची तोटी वाहते आहे, त्याच्या तोंडून कारखान्याविषयीची तक्रार शोभत नाही. जो आपले पाणी मोजतो, त्यालाच दुसऱ्याला मोजायला सांगण्याचे बळ येते.

म्हणून या हिवाळ्यात प्रत्येक मशीद समितीने चार कामे हाती घ्यावीत. वजूखान्यातील तोट्या कमी धारेच्या कराव्यात आणि गळक्या तोट्या त्याच दिवशी दुरुस्त कराव्यात. वजूचे सांडपाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा झाडांना द्यावे. पावसाळ्यापूर्वी छताचे पाणी विंधन विहिरीत किंवा विहिरीजवळ मुरविण्याची सोय करावी; २०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ते १,२०,००० लिटर होतात. आणि मशिदीच्या विहिरीत पाणी असेल तर बाहेरच्या भिंतीला एक तोटी लावावी, जिथे कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा मनुष्य घागर भरू शकेल. हजरत सअद बिन उबादा (र.) यांनी आपल्या दिवंगत मातेसाठी कोणते दान उत्तम असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, पाणी, आणि त्यांनी विहीर खोदून दिली. आज आपल्या दिवंगत आईवडिलांच्या नावे नवी विंधन विहीर घेण्यापेक्षा गावाच्या जुन्या विहिरीचा गाळ काढणे, तिच्यात पाणी मुरविणे हे अधिक टिकाऊ सदका-ए-जारिया ठरेल. कारण नवे छिद्र तीच ठेव लवकर संपविते आणि मुरविलेले पाणी ती वाढविते.

राहिली दुआ. पाणी आटल्यावर इस्तिस्काची नमाज ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे आणि ती अवश्य अदा करावी. पण त्या नमाजेला जाण्यापूर्वी काय करावे, हेही आपल्या विद्वानांनी लिहून ठेवले आहे: पापांची तौबा करावी, दान द्यावे, लोकांचे बळकावलेले हक्क परत करावेत. सूरह नूहमध्ये क्षमायाचनेनंतर भरपूर पावसाचे आश्वासन आहे. या नमाजेत प्रेषितांनी (स.) आपली चादर उलटी करून पांघरली, विद्वानांनी त्यात स्थिती पालटण्याची आशा पाहिली. आपली स्थिती पालटावी असे वाटत असेल तर आपली वागणूकही पालटली पाहिजे. हिजरी १८ च्या दुष्काळात हजरत उमर (र.) यांनी लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप आणि मांस वर्ज्य केले, आणि मग ते लोकांना घेऊन दुआला उभे राहिले. ज्या हातांनी शेजाऱ्याचा झरा तोडला, ते हात तसेच आकाशाकडे उचलणे हा धीटपणा आहे. आधी पंपाची कळ बंद करावी, शेजाऱ्याला त्याचा वाटा द्यावा, आणि मग हात उचलावेत.

हे अल्लाह! तू मोजून दिलेस, आम्ही न मोजता उधळले; आम्हाला क्षमा कर. आमच्या विहिरींत पाणी आणि आमच्या मनांत न्याय दे. खेडच्या शेतकऱ्याला, चाकणच्या कामगाराला, मावळच्या विधवेला आणि शहरातील गरिबाला त्यांच्या वाट्याचे पाणी मिळू दे, आणि आमच्या हातून कोणाचा वाटा तुटू देऊ नकोस. आमीन.